पार्सलावरील एक शब्द

काही प्रश्न असे असतात की, ते विचारले जातात तेव्हा आपण हसून वेळ मारून नेतो, आणि मग तेच प्रश्न वर्षानुवर्षे आपल्या दाराशी बसून राहतात. २०१९ सालच्या ऑक्टोबर महिन्यात भंडारदऱ्यास असाच एक प्रश्न आम्हांस विचारला गेला. त्याचे नीट उत्तर त्या दिवशी आम्ही दिले नाही. आज ते देण्याचा प्रयत्न करीत आहोत.

प्रसंग साधा होता. आमच्या धर्मग्रामातील काही तरुण सायकलींवरून संगमनेर, अकोले, राजूर असा चढ चढत भंडारदऱ्यास आले होते. आम्ही मागून जीपने आलो होतो. आमच्या जिल्ह्याच्या व नाशिकच्या बाजूला गेल्या काही वर्षांत सायकलीचे मोठे वेड आले आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका खंड आडवा ओलांडणारी सुमारे तीन हजार मैलांची शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली, आणि २०१७ साली लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ यांनी ती एकट्याने पुरी केली. ही उदाहरणे आमच्या मुलांच्या ओठांवर असतात. हे वेड चांगलेच म्हणावे लागेल. तोल, धीर आणि श्वास यांची ती शिकवणीच आहे.

धरणाच्या काठी विसावा घेत असता मुलांचे बोलणे साहजिकच सायकलींवर आले. एकाच्या सायकलीचा गिअर बदलणारा भाग, ज्यास ही मंडळी डिरेलर म्हणतात, तो नवाकोरा व जपानी बनावटीचा होता. इंग्लंडातील एका दुकानातून त्याने तो घरबसल्या मागविला होता. सीमाशुल्क किती पडले, असे दुसऱ्याने विचारले. तो हसून म्हणाला, “शुल्क कसले? दुकानदाराला कळवले, पार्सलावर ‘भेट’ असे लिही आणि किंमत पाच हजारांच्या आत टाक. झाले काम!” सगळे हसले. एकटा एक मुलगा हसला नाही. तसाच भाग त्यानेही मागविला होता आणि पोस्टमनच्या हाती पूर्ण शुल्क मोजून दिले होते. मित्रांनी त्याला ‘हरिश्चंद्र’ म्हणून चिडविले. तेव्हा तो आमच्याकडे वळून म्हणाला, “फादर, तुम्हीच सांगा. त्याने केले ते पाप आहे का? की मीच मूर्ख ठरलो?”

आम्ही म्हणालो, “अरे, प्रभूने आपल्या बारा जणांत एक जकातदारही घेतला होता. म्हणून जकातीवरून भांडू नका.” पुन्हा सगळे हसले, आणि आम्ही चहा मागविला. ही चर्चा उघड्यावर झाली होती, पापनिवेदनात नव्हे. म्हणून येथे ती सांगण्यास हरकत नाही. परंतु आमचे उत्तर हे उत्तर नव्हते, ती पळवाट होती. आम्ही पळ का काढला, हे पुढे सांगूच.

प्रथम हे शुल्क म्हणजे काय, ते पाहू. परदेशातून येणाऱ्या मालावर सीमेवर कर घेण्याची रीत फार जुनी आहे. येथून दक्षिणेस, याच सह्याद्रीच्या रांगेत नाणेघाट आहे. कल्याण बंदरातून जुन्नरकडे जाणारा सातवाहनकालीन व्यापारी मार्ग तेथून चढत असे. घाटमाथ्यावर दगडाचा एक मोठा रांजण आहे. तो जकातीची नाणी टाकण्यासाठी होता, असे परंपरेने मानले जाते. आजचा रांजण म्हणजे १९६२ चा सीमाशुल्क कायदा व १९७५ चा सीमाशुल्क दर कायदा होय. परदेशी टपालाच्या पार्सलावर एक छोटा कागद चिकटवलेला असतो. त्यावर आत काय आहे, त्याची किंमत किती, आणि ते विकलेला माल आहे, नमुना आहे की भेट, याच्या चौकटी असतात. पाठविणारा त्यांतील एका चौकटीत खूण करून खाली सही करतो. मुंबईच्या विदेश डाकघरातील अधिकारी हजारो पार्सलांतून प्रत्येक पार्सल उघडू शकत नाही. बहुधा तो त्या कागदावर विश्वास ठेवतो. ही सर्व व्यवस्था विश्वासावर उभी आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

आकारणीचे गणितही पाहू. व्यक्तिगत वापरासाठी टपालाने वा विमानाने मागविलेल्या मालावर २०१८ नंतरच्या काही वर्षांत मूळ शुल्क ३५ टक्के होते. त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, आणि या सर्वांच्या बेरजेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर. म्हणजे टपालखर्चासह दहा हजार रुपये मूल्य असेल, तर शुल्क ३,५००, अधिभार ३५०, आणि १३,८५० वर कर ३,८७८. एकूण ७,७२८ रुपये. शंभराच्या वस्तूवर सव्वासत्त्याहत्तर रुपये! खासगी कुरिअरने माल आला, तर त्याचा हाताळणी खर्च वेगळाच. पुढे हे दर बदलत गेले. आमचा प्रश्न दर किती हा नाही. पण दर इतका जड असता तरुणाचे मन का डगमगते, हे समजून न घेता त्याला उपदेश करणे अन्यायाचे होईल.

आता त्याच्या बाजूने काय म्हणता येईल, ते प्रामाणिकपणे मांडू. पहिली सबब आमच्याच घरातली आहे. सेमिनरीत आम्ही शिकत असताना जुन्या नीतिशास्त्राच्या ग्रंथांत ‘केवळ दंडात्मक कायदा’ नावाची एक कल्पना आमच्या वाचनात आली होती. तिचे मूळ असे की, डॉमिनिकन संघाने १२३६ साली आपल्या नियमांविषयी ठरविले की, ते मोडल्यास पाप लागत नाही. केवळ नेमून दिलेली शिक्षा भोगावी लागते. मठातील नियमांपुरते ते शहाणपणाचे होते. परंतु पुढे सुआरेझसारख्या मोठ्या पंडितांनी ही कल्पना राज्याच्या काही कायद्यांनाही लावली, आणि जकातीचे कायदे तर या वर्गातील ठळक उदाहरण होऊन बसले. म्हणजे सापडलास तर दंड भर. न सापडलास तर तुझे मन स्वच्छ! युरोपच्या सीमेवरील कितीतरी चोरटे व्यापारी या मतावर निश्चिंत झोपले असतील.

हे मत ख्रिस्तसभेने पुढे टिकू दिले नाही, आणि ते योग्यच झाले. कारण या मताने कायदा हा राज्य व प्रजा यांच्यातील पाठशिवणीचा खेळ होतो. जो धावण्यात तरबेज तो सुटतो. जो पळत नाही, तो सर्वांच्या वाटचे भरतो. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली आधुनिक जगाविषयीच्या आपल्या दस्तऐवजात, न्याय्य कर व समाजाचे देणे नाना युक्त्यांनी चुकविणाऱ्यांचा स्पष्ट निषेध केला. १९९२ च्या धर्मशिकवणीच्या ग्रंथाने कर भरणे ही सर्वांच्या हिताची सामायिक जबाबदारी, म्हणूनच नैतिक कर्तव्य असल्याचे सांगितले, आणि करचुकवेगिरीस सातव्या आज्ञेच्या प्रकरणात, चोरीच्या शेजारी, बसविले. संत पौलाने तर रोमकरांस लिहिताना कर व जकात या दोन्हींचा वेगवेगळा उल्लेख करून ज्याचे त्यास द्या, असे बजावले आहे. तेव्हा राजसिंहासनावर बसलेला मनुष्य कोणी संत नव्हता. तो नीरो होता.

दुसरी सबब अशी की, हा कर अन्याय्य आहे. लुधियानाचे कारखाने साध्या सायकली लाखांनी बनवितात, त्यांच्या रक्षणासाठी शुल्क असेल तर समजू शकते. पण जो भाग आपल्या देशात बनतच नाही, त्यावर शुल्क घेऊन कोणाचे रक्षण होते? हा प्रश्न फोल नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी कायद्याच्या न्याय्यतेच्या तीन कसोट्या दिल्या आहेत. तो सर्वांच्या हितासाठी असावा. करणाऱ्यास तो करण्याचा अधिकार असावा. आणि त्याचे ओझे लोकांवर प्रमाणात वाटलेले असावे. पहिल्या कसोटीवर हे शुल्क काही अंशी लंगडे पडते, हे आम्ही मान्य करतो. संसदेचा अधिकार कोणी नाकारणार नाही. तिसऱ्या कसोटीचे काय? दहा हजारांचा सुटा भाग छंदासाठी परदेशातून मागविणारा तरुण या देशातील दरिद्री मनुष्य नव्हे. त्याच्यावर पडणारे ओझे जड असेल. पण ते गरिबाच्या ताटातून काही काढून घेत नाही. मिठावरचा कर आणि डिरेलरवरचा कर यांत हा फरक आहे.

तिसरी सबब सर्वांत लोकप्रिय आहे. सरकार तरी आमच्या पैशाचे काय करते? या सबबीचे उत्तर आम्हांस त्या संध्याकाळी समोरच दिसत होते, पण तेव्हा आम्ही ते वाचले नाही. भंडारदऱ्याचे धरण १९१० ते १९२६ या काळात प्रवरा नदीवर बांधले गेले. गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या नावाने ते विल्सन धरण म्हणून ओळखले जाते. रतनगडापासून कळसूबाईपर्यंतच्या डोंगरांतील शेकडो ओहोळ या एका भिंतीमागे येऊन थांबतात, आणि सुमारे अकरा टीएमसी पाणी साठते. सार्वजनिक खजिना म्हणजे काय, हे समजावून सांगण्यास याहून चांगला दृष्टान्त नाही. एकेक ओहोळ म्हणतो, माझ्यावाचून काय अडणार आहे? सर्वच ओहोळ असे म्हणाले, तर खाली अकोल्यापासून श्रीरामपूरपर्यंतच्या कालव्यांत काय राहील? आमच्या जिल्ह्यातील कितीतरी ख्रिस्ती कुटुंबे याच पाण्यावर जगली, शेतमजुरीवर व साखर कारखान्यांच्या पगारावर मुले शिकली. ते आपले डोंगरांतले सगेसोयरेच आहेत, असे आम्ही त्या ओहोळांविषयी कृतज्ञतेने म्हणतो.

परंतु दृष्टान्ताची दुसरी बाजू लपविणे हाही खोटेपणाच. या भिंतीच्या वर, डोंगराच्या कुशीत महादेव कोळी व ठाकर बांधवांचे पाडे आहेत. पाणी त्यांच्या अंगणात पडते, त्यांच्या डोळ्यांदेखत साठते, आणि खाली निघून जाते. उन्हाळ्यात त्यांच्या बायाबापड्या डोक्यावर हंडे घेऊन चढ चढतात. सार्वजनिक साठ्याची वाटणी न्याय्य होत नाही, हा आरोप खोटा नाही. परंतु वाटणी न्याय्य होत नाही म्हणून जो रात्री भिंतीला गुपचूप भोक पाडतो, तो काही वरच्या पाड्याला पाणी पोचवीत नाही. तो ते आपल्या वावरात नेतो. कर चुकवून वाचलेले साडेसात हजार रुपये आजवर कोणत्या आदिवासी मुलाच्या वह्यांवर खर्च झाले? सरकारच्या उधळपट्टीचा संताप खरा असेल, तर तो सभेत, मतपेटीत, वर्तमानपत्रात, न्यायालयात दिसावा. पार्सलावर दिसतो तो संताप नव्हे, ती सोय होय.

येथे आम्हांस शुभवर्तमानातील एका चमत्कारिक प्रसंगाची आठवण होते. तो केवळ संत मत्तयानेच नोंदविला आहे, आणि ते स्वाभाविक आहे. कारण मत्तय स्वतः कफर्णहूमच्या जकातनाक्यावर बसणारा. मंदिराचा कर गोळा करणारे पेत्राकडे येतात व विचारतात, तुमचे गुरुजी कर भरीत नाहीत काय? घरी आल्यावर प्रभू पेत्राला विचारतो, राजे कर कोणाकडून घेतात, आपल्या पुत्रांकडून की परक्यांकडून? परक्यांकडून, असे पेत्र म्हणतो. तर मग पुत्र मोकळे आहेत, असे प्रभू म्हणतो. आणि लगेच पुढे सांगतो की, तरीही त्यांना अडखळण होऊ नये म्हणून समुद्रावर जा, गळ टाक, पहिल्या माशाच्या तोंडात नाणे सापडेल, ते तुझ्या व माझ्या वतीने भर. हा कर मंदिराचा होता, राज्याचा नव्हता. म्हणून हा प्रसंग आजच्या शुल्कास जसाच्या तसा लागू पडत नाही, हे आम्ही जाणतो. पण त्यातील वृत्ती पाहावी. ज्याच्यावर हा कर लागूच नव्हता, त्याने आपला हक्क प्रथम स्पष्ट शब्दांत सांगितला आणि मग पैसे भरले. ‘मी पुत्र नाही’ असे खोटे सांगून तो भरला नाही, आणि ‘मी भरला’ असे खोटे सांगून तो चुकविलाही नाही. सत्य बोलणे व देणे देणे, या दोन्ही गोष्टी त्याने एकत्र राखल्या.

आपल्या देशात याच वृत्तीचे एक मोठे उदाहरण आहे. दक्षिण आफ्रिकेत डर्बनचे व्यापारी पारशी रुस्तमजी हे गांधीजींचे जिवाभावाचे मित्र व अशील होते. मुंबई-कलकत्त्याहून ते माल मागवीत, आणि त्यात वारंवार जकात चुकवीत. सर्व अधिकाऱ्यांशी त्यांचे संबंध चांगले असल्यामुळे कोणी संशय घेत नसे. एकदा ते उघडकीस आले तेव्हा ते डोळ्यांत पाणी आणून गांधीजींकडे धावले. ही व्यापारातली युक्ती आहे, एवढ्यासाठी आपण हे कधी बोललो नाही, असे त्यांचे म्हणणे होते. गांधीजींनी त्यांना न्यायालयातल्या बचावाची वाट दाखविली नाही. अधिकाऱ्यांपुढे जाऊन सर्व कबूल कर व ते ठरवतील तो दंड भर, असे सांगितले. लाज तुरुंगात जाण्यात नाही, ती अपराधात आहे, असा त्या सल्ल्याचा आशय होता. अखेरीस चुकविल्याचे कबूल केलेल्या रकमेच्या दुप्पट भरण्यावर प्रकरण मिटले. रुस्तमजींनी ती सारी हकीकत कागदावर लिहिली, तिला चौकट करविली आणि वारसांना व इतर व्यापाऱ्यांना कायमची आठवण राहावी म्हणून आपल्या कचेरीत टांगली. गांधीजींनी आपल्या आत्मकथेत हा प्रसंग सांगितला आहे.

पुढे १९३० साली याच गांधीजींनी दांडीच्या किनाऱ्यावर मिठाचा कायदा मोडला. वरवर पाहता ही विसंगती वाटेल. एके ठिकाणी जकात दुप्पट भरविली, दुसऱ्या ठिकाणी कर धुडकावला. वास्तविक या दोन्ही कृती एकाच मुळाच्या आहेत. दांडीला निघण्यापूर्वी त्यांनी व्हाइसरॉयला पत्र लिहून आपण काय करणार हे कळविले होते. चोवीस दिवस सर्व जगासमोर ते चालत गेले. आणि शिक्षा भोगण्यास तयार राहिले. ज्याला कायदा अन्याय्य वाटतो, त्याच्यासाठी दोन उघड रस्ते आहेत. कर भरून त्याविरुद्ध बोलावे, किंवा उघडपणे तो मोडून शिक्षा घ्यावी. तिसरा, अंधारातला रस्ता अन्यायाच्या विरोधात जात नाही. तो फक्त आपल्या घरी जातो. आमच्या त्या तरुणाने पार्सलावर ‘हा विकत घेतलेला माल आहे, परंतु हे शुल्क मला मान्य नाही’ असे लिहविले असते, तर आम्ही त्याच्या धैर्यास नमस्कार केला असता.

म्हणजे मुद्दा पैशाचा कमी व शब्दाचा अधिक आहे. त्या पार्सलावरील ‘भेट’ या एका शब्दाने काय काय केले, ते पाहू. पहिले, त्याने परदेशातील एका अनोळखी दुकानदाराला किंवा त्याच्या नोकराला खोटी सही करावयास लावले. आपण पाप करणे एक, आणि दुसऱ्याच्या हाताने ते करविणे दुसरे. त्या मनुष्याचे नावही आपणांस ठाऊक नसते, म्हणून त्याच्या आत्म्याचा भार हलका होत नाही. दुसरे, त्याने शुल्क भरणाऱ्या आपल्या मित्राला मूर्ख ठरविले. समाजात प्रामाणिकपणाची खरी किंमत तेव्हा घसरते, जेव्हा प्रामाणिक मनुष्यालाच स्वतःची लाज वाटू लागते. त्या संध्याकाळी आमच्यासमोर नेमके हेच घडले, आणि आम्ही विनोद केला!

तिसरे, त्याने ‘भेट’ हा शब्दच बाटविला. हे आम्ही अलंकाराने म्हणत नाही. त्या काळी परदेशातून येणाऱ्या पाच हजार रुपयांपर्यंतच्या खऱ्या भेटींना सीमाशुल्काची माफी होती. परदेशी गेलेल्या मुलाने आईला पाठविलेली शाल, आखातातील मावशीने भाच्याला पाठविलेले घड्याळ, यांसाठी शासनाने ठेवलेली ती एक माणुसकीची खिडकी होती. त्या खिडकीतून परदेशी दुकानांचा विकाऊ माल ‘भेट’ या नावाने इतका आत येऊ लागला की, १२ डिसेंबर २०१९ रोजी, म्हणजे आमच्या भंडारदऱ्याच्या सहलीनंतर दोनच महिन्यांनी, शासनाने ती बंद केली. टपालाने वा कुरिअरने भेट म्हणून माफीत माल आणण्यास मनाई झाली. अपवाद दोनच ठेवले गेले, जीवरक्षक औषधे आणि राखी. भेट पाठवावयाची असल्यास पूर्ण शुल्क भरावे, असे ठरले. खोट्या भेटींनी खऱ्या भेटींचा दरवाजा लावला. ज्या आईने कधी खोटे लिहिले नाही, तिच्या शालीवर आता कर बसला. त्यातल्या त्यात राखीच्या धाग्यावर शासनाने अजून विश्वास ठेवला आहे, ही बहिणींची पुण्याई म्हणावयाची.

हे आपल्याच देशात घडले असे नाही. युरोपीय संघाने २२ युरोपर्यंतच्या पार्सलांना असलेली मूल्यवर्धित करातील माफी १ जुलै २०२१ पासून काढून घेतली. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची सीमाशुल्क-माफी २९ ऑगस्ट २०२५ पासून सर्व देशांसाठी थांबविली. त्यांची कारणे अनेक व राजकीयही आहेत; पण कमी किंमत दाखवून माफीचा गैरफायदा घेतला जातो, ही तक्रार तेथेही होती. असत्याची किंमत असत्य बोलणारा एकटा कधीच भरीत नाही.

आता आम्ही पळ का काढला, ते सांगतो. २०१३ साली आमच्या चर्चसाठी एका परदेशस्थ हितचिंतकाने ध्वनियंत्रणेचे काही भाग पाठविण्याचे कबूल केले. कागदावर किंमत किती घालू, असे त्यांनी विचारले. आम्ही लिहिले, “जुने व वापरलेले, असे लिहा, किंमत नाममात्र घाला. शेवटी देवाचेच काम आहे.” भाग नवे होते. पार्सल बिनशुल्क आले. त्याच ध्वनिवर्धकावरून आम्ही पुढे कितीतरी रविवारी सत्यावर प्रवचने केली. भंडारदऱ्याला त्या मुलाने प्रश्न विचारला तेव्हा आम्हांस दिसला तो डिरेलर नव्हे. तो ध्वनिवर्धक होता. ज्या तरुणाने ‘भेट’ लिहविले, त्याने निदान देवाचे नाव मध्ये आणले नव्हते. संत ऑगस्टीन यांनी असत्यावर लिहिताना सत्कार्यासाठी केलेल्या खोट्यालाही सूट दिलेली नाही, हे आम्ही सेमिनरीत शिकलो होतो व परीक्षेत लिहिलेही होते.

मग करावे काय? यरीहोच्या जक्कयाने प्रभूला घरी पाहिल्यावर पहिली गोष्ट केली ती हिशेबाची. पश्चात्ताप हा मनात आरंभतो; पण लुबाडलेले असेल तेथे तो परतफेडीवाचून पुरा होत नाही, हीच ख्रिस्तसभेची सनातन शिकवण आहे. चुकलेले शुल्क स्वतःहून भरण्याची तरतूद सीमाशुल्क कायद्यात आहे, आणि ज्याचे प्रकरण ताजे आहे त्याने तीच वाट धरावी. जाणूनबुजून चुकविलेल्या शुल्काची मागणी करण्यास कायद्याने शासनाला पाच वर्षांची मुदत दिली आहे. आमची ती मुदत उलटून गेली होती. परंतु कायद्याची मुदत संपते, सद्सद्विवेकबुद्धीची संपत नाही. धनको हाती लागत नसेल तर देणे समाजाच्या दुर्बलांस द्यावे, ही जुन्या नीतिशास्त्राची तोड आम्ही स्वीकारली. हिशेब केला, रुस्तमजींना स्मरून रक्कम दुप्पट केली, आणि आमच्या स्वतःच्या पैशांतून ती भिंतीच्या वरच्या अंगाच्या एका पाड्यातील मुलांच्या पुस्तकांसाठी दिली. ते फारसे कठीण गेले नाही. कठीण गेले ते एका रविवारी मिस्साच्या शेवटी, त्याच ध्वनिवर्धकासमोर उभे राहून हे सर्व लोकांना सांगणे. सांगितले नसते, तर दिलेले पैसेही आणखी एका पार्सलावरील खोटा शब्द ठरले असते.

त्या रविवारी ते दोघेही तरुण चर्चमध्ये होते. ज्याने ‘भेट’ लिहविले होते, त्याने पुढे काय केले, हे आम्ही येथे लिहिणार नाही. ते त्याचे व त्याच्या प्रभूचे गुज आहे. जो ‘हरिश्चंद्र’ ठरला होता, त्याला मात्र आम्ही बाहेर पायऱ्यांवर गाठले आणि म्हणालो, “बाळा, तुझ्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहिले होते. ते पाप होते. आणि तू मूर्ख नव्हतास.” तो थोडा लाजला व म्हणाला, “फादर, पण शुल्क फारच होते हो.” आम्ही म्हणालो, “होते. तेही लिहायला हवे.” म्हणून ते वर लिहिले आहे. न्याय्य, साधा व समजण्याजोगा कर आकारणे हे शासनाचे कर्तव्य आहे; आणि ते कर्तव्य बजाव असे शासनाला तोंडावर सांगण्याचा अधिकार ज्यांनी आपला वाटा उजेडात भरला आहे, त्यांच्याच मुखात शोभतो.

संत मत्तयाचा सण २१ सप्टेंबरला येतो. ख्रिस्तसभेने त्याला जमाखर्च लिहिणाऱ्यांचा व करवसुली करणाऱ्यांचा आश्रयदाता मानले आहे. नाक्यावर बसून लोकांच्या गाठोड्यांत काय आहे हे विचारण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्यालाच प्रभूने शुभवर्तमान लिहावयास निवडले. वाचकांच्या दारी पुढील पार्सल येईल तेव्हा त्यावरचा छोटा कागद त्यांनी एकदा वाचून पाहावा, एवढीच आमची विनंती. आत काय आहे, असा तो कागद विचारतो, आणि हाच प्रश्न एके दिवशी आपणां सर्वांना विचारला जाणार आहे.